जुन्या जेटमधली आग : लाल दिव्याच्या आधी आणि नंतर

पंपाच्या स्टोव्हबरोबर एक पिन यायची. पत्र्याची अरुंद पट्टी आणि टोकाला केसाएवढी तार. बर्नरच्या भोकात काजळी अडकली की ज्योत निळी राहायची नाही. ती पिवळी होऊन एका बाजूला झुकायची आणि पातेल्याची तेवढीच बाजू काळी व्हायची. हवाई दलांतून निवृत्त होऊन खासगी हातांत उडणाऱ्या जुन्या लढाऊ जेटच्या इंजिनाला आग कशी लागते असं कुणी विचारलं, तर आधी ही पिन आठवावी. जेटचं इंधन म्हणजे शेवटी नीट गाळलेलं, तपासलेलं रॉकेलच. इंजिनात ते बर्नरमधून फवाऱ्यासारखं उडतं आणि पेटतं. फवारा एकसारखा असेल तोवर ज्योत चेंबरच्या, म्हणजे इंधन जळतं त्या नळकांड्याच्या, मधोमध राहते आणि भोवतीने वाहणारी हवा पत्र्याला सांभाळते. बर्नर अर्धा बुजला की फवारा तिरका जातो आणि ज्योत पत्र्याला चाटायला लागते. स्टोव्हवर पातेलं काळं व्हायचं, इथे पत्रा लाल होतो, पातळ होतो आणि एक दिवस फाटतो. त्या भोकातून दाबाखालची ज्योत वेल्डिंगच्या टॉर्चसारखी बाहेर येते. बाहेर, वीतभर अंतरावर, इंधनाची नळी असते.

जुन्या ब्रिटिश व्हॅम्पायरच्या गोब्लिन इंजिनात असे १६ चेंबर आहेत, अमेरिकी टी-३३ च्या जे-३३ इंजिनात १४, सोव्हिएत मिग-१५बिसच्या व्हीके-१ मध्ये ९. एका इंजिनात तेवढ्या जागी हे घडू शकतं. म्हणून बर्नर काढून फ्लो-बेंचवर लावणं, प्रत्येकातून ठरावीक दाबाला किती इंधन जातं आणि फवाऱ्याचा शंकू सरळ आहे का हे पाहणं, आणि चेंबरच्या आतल्या नळकांड्यांवर तडे किंवा रंग बदललेले पट्टे शोधणं, ही आग टाळायची पहिली पायरी. कंटाळवाणं काम आहे. खासगी मालकाच्या हँगरमध्ये सगळ्यात आधी हेच पुढे ढकललं जातं, कारण इंजिन तर व्यवस्थित चालू होत असतं.

या विषयाशी पुण्याचा संबंध काय? उडणारी खासगी लढाऊ जेट ब्रिटन-अमेरिकेत आहेत. तिथे नियमही आहेत : ब्रिटनमध्ये ‘परमिट टू फ्लाय’ आणि कॅप ६३२ ही पुस्तिका, अमेरिकेत ‘एक्स्परिमेंटल’ वर्गातलं प्रमाणपत्र. आपल्याकडे ही विमानं चौथऱ्यावर उभी दिसतात. पण त्यांतली बरीच आपल्या ओळखीची आहेत. व्हॅम्पायर १९४८ मध्ये भारतीय हवाई दलात आलं, हंटर १९५७ मध्ये, नॅट त्याच्या पुढच्याच वर्षी. हंटर आणि नॅट तिकडे आजही खासगी हातात आहेत. घोरपडीजवळच्या युद्धस्मारकात मिग-२३बीएन उभं आहे. त्याच कुळातलं दोन आसनी मिग-२३यूबी अमेरिकेत खासगी मालकीचं होतं आणि १३ ऑगस्ट २०२३ ला मिशिगनमधल्या एका एअर शोमध्ये ते पडलं. त्याकडे पुढे येऊच. पुण्यात विमानदुरुस्तीचं शिक्षण घेणारी मुलं या विमानांचे व्हिडिओ पाहून प्रश्न विचारतात, त्यांच्यासाठी हे थोडं सविस्तर.

हवेतली आग बहुतेक वेळा जमिनीवर, महिनोन् महिने आधी सुरू झालेली असते. खासगी जेट वर्षाला फार तर ३०-४० तास उडतं. लॉगबुकातले तास पाहिले तर होज, म्हणजे लवचिक रबरी नळ्या, नवे वाटतात, पण रबर तास मोजत नाही, वर्षं मोजतं. होजच्या वेष्टनावर बनवल्याची तिमाही आणि साल छापलेलं असतं. ते वाचायचं. वाचता येत नसेल तर होज बदलायचा, वाद घालायचा नाही. धडातल्या रबरी पिशव्यांच्या टाक्या कोरड्या ठेवल्या की आतून भेगाळतात. म्हणून विमान हिवाळाभर उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवणं ही काटकसर महागात पडते.

दुसरं, इंधन बदललं की सील बदलतात. यांतली काही विमानं जेपी-४ सारख्या हलक्या इंधनाच्या काळातली. आता मिळतं जेट ए-१. दोन्हींत अॅरोमॅटिक घटकांचं प्रमाण वेगळं. एका इंधनात वर्षानुवर्षं फुगून बसलेली ओ-रिंग, म्हणजे जोडातली रबरी रिंग, दुसऱ्यात आकसते, आणि कधीच न गळलेला जोड झिरपायला लागतो. कुकरची जुनी रिंग धुऊन वाळवून परत बसवली की शिट्टीऐवजी कडेने वाफ जाते, तशातलाच प्रकार. जेट ए-१ चा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, किमान ३८ अंश सेल्सियस. म्हणजे ते पेट्रोलसारखं थंडपणी भडकत नाही, हे खरं. पण एप्रिलच्या दुपारी पुण्यात सावलीतला पारा ३८ च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या विमानाचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो. ‘रॉकेलच आहे, काडी टाकली तरी विझेल’ असं म्हणणाऱ्याला इंजिनाच्या आसपास फिरकू देऊ नये.

तिसरं कारण घासटणं. नळी ज्या पी-क्लॅम्पने धरलेली असते त्याच्या आतला रबरी पट्टा झिजतो, मग क्लॅम्पचा पत्रा नळीवर घासतो. दिसताना नळीवर नखाएवढा चकचकीत डाग दिसतो, बस. तो डाग बोटाने चाचपून खोली जाणवली तर नळी बाद. गळणाऱ्या जोडाच्या बाबतीत फिटरचा हात आपोआप पान्याकडे जातो आणि नट अजून अर्धा फेरा आवळला जातो. हे सगळ्यात वाईट. फ्लेअर केलेल्या, म्हणजे कर्ण्यासारखं पसरवलेल्या, नळीचं तोंड जास्त आवळून चिरतं. त्या दिवशी गळती थांबते आणि पुढच्या कंपनात नळी तुटते. जोड उघडायचा, फ्लेअर भिंगाखाली पाहायचा, गरज असेल तर नळी बदलायची, टॉर्क रेंचने ठरलेला टॉर्क द्यायचा आणि नटावर रंगाची रेघ मारायची. पुढच्या तपासणीत रेघ तुटलेली दिसली की नट हलला, एवढं कळायला रेघ पुरते.

नळीचा धातूही महत्त्वाचा. इंजिनाच्या गरम भागात इंधन, ऑइल आणि हायड्रॉलिकची नळी स्टेनलेस स्टीलची किंवा अग्निरोधक वेष्टनाचा होज असावी लागते. विमानशास्त्रात ‘अग्निरोधक’ म्हणजे सुमारे १,१०० अंशांच्या ज्योतीत ५ मिनिटं टिकणारी आणि ‘अग्निसह’ म्हणजे १५ मिनिटं. अॅल्युमिनियमची नळी या ज्योतीत काही सेकंदच टिकते, कारण विमानात वापरली जाणारी मिश्रणं ५०० अंशांच्या पुढेच वितळायला लागतात. कधीतरी, कुठल्यातरी दुरुस्तीत, मिळाली म्हणून अॅल्युमिनियमची नळी बसवलेली असते आणि तिच्यावर छान रंगही दिलेला असतो. चुंबकाने फरक कळत नाही, स्टेनलेसलाही चुंबक बहुधा धरत नाही. नळीवरचं चिन्ह, भाग क्रमांक आणि कागद जुळवूनच खात्री होते.

फायरवॉलचंही, म्हणजे इंजिन आणि बाकी विमान यांमधल्या आग अडवणाऱ्या पडद्याचंही, तसंच. नवा रेडिओ, नवा जीपीएस, नवा कॅमेरा बसवताना वायर पलीकडे न्यायला भोक पाडलं जातं. ग्रोमेट (भोकाच्या कडेचं कडं) बसवून भोवती अग्निरोधक सीलंट भरायचं राहतं. आग लागली तर ते बोटभर भोक म्हणजे कॉकपिटकडे किंवा टाकीकडे उघडलेलं दार.

ड्रेनबद्दल तर कळकळीने सांगावंसं वाटतं. या विमानांच्या पोटाखाली बारीक नळ्यांची तोंडं बाहेर आलेली असतात. युद्धस्मारकात किंवा चौथऱ्यावरच्या कुठल्याही लढाऊ विमानाखाली वाकून पाहा, पेन्सिलीएवढी, करंगळीएवढी तोंडं दिसतील. पंपाच्या सीलमधून, चेंबरच्या तळातून, जोडांच्या आच्छादनातून जे काही झिरपतं ते इंजिनाच्या खोलीत न साचता बाहेर पडावं म्हणून ती ठेवलेली असतात. उभ्या विमानाच्या या नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते. कुणी रंग देताना चिकटपट्टी लावून विसरतं. मग गळती बाहेर दिसत नाही आणि सगळ्यांना वाटतं, गळती नाही. आत मात्र तळाशी वाटीभर इंधन साठत असतं. विमान नाक वर करतं, वाटीतलं इंधन मागे, इंजिनातला वायू बाहेर नेणाऱ्या गरम जेट पाइपकडे सरकतं. टेकऑफनंतर लगेच लागणाऱ्या आगींमागचं हे एक साधं कारण. तपासणी सोपी आहे : प्रत्येक ड्रेनमध्ये वरून मोजून थोडं इंधन किंवा हवा सोडायची आणि खालून तेवढंच बाहेर येतं का पाहायचं.

हंटर पाहायला मिळालं तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बऱ्याच हंटरचं अॅव्हॉन इंजिन सुरू करायला अॅव्हपिन, म्हणजे आयसोप्रोपिल नायट्रेट, वापरतात. हे द्रव्य जळायला बाहेरचा ऑक्सिजन मागत नाही. ज्योत दिवसाउजेडी नीट दिसतही नाही. स्टार्टरने एकदा दगा दिला म्हणून लगेच दुसऱ्यांदा बटण दाबलं, तर आधीच्या प्रयत्नातलं न जळलेलं द्रव्य आत असतं. मधे थांबायची मुदत पुस्तकात दिलेली असते. घाईत ती कापणं म्हणजे जमिनीवरच आग ओढवून घेणं.

आता लाल दिवा.

कॉकपिटमध्ये ‘फायर’ लिहिलेला दिवा आग पाहत नाही, तो उष्णता मोजतो. बऱ्याच विमानांत इंजिनाभोवती एक लांब बारीक नळी फिरवलेली असते. तिच्या मधोमध एक तार आणि भोवती असा पदार्थ, की ठरावीक तापमानाला त्याचा विद्युतरोध एकदम घसरतो. घसरला की दिवा लागतो. काही विमानांत याऐवजी थर्मोकपल किंवा उष्णतेने जोडले जाणारे साधे स्विच असतात. काहींत दोन दिवे असतात : पुढच्या, थंड भागासाठी एक आणि मागच्या, गरम भागासाठी दुसरा. पुढचा दिवा जास्त गंभीर. कंप्रेसरच्या भोवती, जिथे इंधनपंप आणि गिअरबॉक्स असतात, तिथे गरम असायचं काही कारणच नसतं. मागचा दिवा जेट पाइपच्या क्लॅम्पमधून निसटलेल्या गरम वायूनेही लागतो. तोही धोकाच आहे, कारण नाक वर-खाली करणाऱ्या एलेव्हेटरचे रॉड आणि शेपटीकडच्या वायर तिथूनच गेलेल्या असतात. पण तिथे विचाराला थोडा वेळ मिळतो.

खोटे दिवेही लागतात. जुन्या लूपला, म्हणजे इंजिनाभोवतीच्या त्या बारीक नळीला, पोचा पडलेला, कनेक्टरमध्ये पावसाचं पाणी, आधारावर घासून आवरण उघडं. म्हणून दिवा लागल्यावर हात थेट इजेक्शनच्या, म्हणजे सीटसकट बाहेर फेकणाऱ्या, हँडलकडे नेणं चूक आणि ‘पुन्हा तोच खोटा दिवा’ म्हणून सोडून देणं त्याहून मोठी चूक. दुसरी चूक घडते ती अशाच विमानात, जिथे आधीचे चार खोटे दिवे दुरुस्त न करता नोंदवहीत नुसते लिहून ठेवलेले असतात. खोट्या दिव्याचं विमान जमिनीवर ठेवावं, यात सूट देऊ नये.

दिवा लागला की पहिलं काम थ्रॉटल मागे. याचं कारण समजून घ्यावं. थ्रॉटल मागे घेतलं की इंधन कमी, कंप्रेसरचा दाब कमी, त्यामुळे फाटलेल्या चेंबरमधून किंवा ब्लीड एअरच्या (कंप्रेसरमधून काढून घेतलेल्या गरम हवेच्या) तुटलेल्या नळीतून बाहेर पडणारा गरम वायूही कमी. त्याच वेळी वेगाचं उंचीत रूपांतर करायचं आणि नाक वस्तीपासून दूर न्यायचं. मग दिव्याकडे पाहायचं. दिवा विझला तर बहुतेक गरम वायूची गळती, असा अंदाज बांधता येतो. पण लूपच जळून तुटला असेल तरीही दिवा विझतो! म्हणून आता टेस्टचं बटण दाबायचं. टेस्टला दिवा लागला तर लूप शाबूत आहे आणि तापमान खरंच उतरलं आहे. टेस्टलाही दिवा लागला नाही, तर तो आगीने खाल्ला असं धरून पुढची कृती करायची. चेकलिस्टमधला हा बटण दाबायचा भाग घाईत गाळला जातो आणि नेमका तोच निर्णय बदलणारा असतो.

सोबत दुसरा पुरावा शोधायचा. जेट पाइपचं तापमान चढलेलं, फ्यूएल फ्लो नेहमीपेक्षा जास्त पण आरपीएम तेवढाच, म्हणजे इंधन कुठेतरी बाहेर जातंय. हायड्रॉलिकचा दाब घसरतोय, स्टिक जड लागतेय. हलका वळसा घेऊन मागे धुराची रेघ दिसते का पाहायचं. टॉवरला किंवा सोबतच्या विमानाला विचारायचं. इंजिन बंद केल्यावर मागे पांढरा पट्टा दिसला तर ती न जळलेल्या इंधनाची वाफ असू शकते, काळा धूर तसा नसतो. दिवा विझलेला असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर थ्रॉटल पुन्हा पुढे न्यायचं नाही. आहे त्या कमीत कमी ताकदीवर, इंजिन बंद पडलंय असं धरून, वरून गोल येऊन उतरायचं.

पुरावा मिळाला, आग नक्की झाली, तर इंजिन बंद. इथे एक बारीक पण जीवघेणा मुद्दा आहे. ब्रिटिश विमानांत इंधन बंद करायचे दोन कॉक असतात : एचपी (जास्त दाबाचा) कॉक बर्नरच्या जवळ, एलपी (कमी दाबाचा) कॉक टाकीकडून येणाऱ्या नळीवर, फायरवॉलजवळ. थ्रॉटल मागे ओढून फक्त एचपी कॉक बंद केला तर पुरत नाही. इंजिन विझतं, पण गळती त्याच्या अलीकडे असेल, म्हणजे पंपात, फिल्टरमध्ये किंवा मधल्या होजमध्ये, तर टाकीतला बूस्टर पंप त्या गळतीला इंधन पुरवतच राहतो. इंजिन बंद, आग चालू. म्हणून एचपी कॉक, एलपी कॉक, बूस्टर पंप, तिन्ही बंद, आणि मगच आग विझवणाऱ्या वायूची बाटली. एलपी कॉकचा लिव्हर वर्षानुवर्षं न हलवल्याने जाम होतो किंवा केबल सैल पडून वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. वार्षिक तपासणीत तो बंद करून, पुढची नळी सोडून, बूस्टर पंप चालू ठेवून एक थेंबही येत नाही ना हे पाहायला हवं. लिव्हर हलतो एवढं पुरेसं नाही.

बाटलीवर फार भिस्त ठेवू नये. अनेक एक-इंजिनी लढाऊ जेटमध्ये इंजिनाला अग्निशामक बाटलीच नव्हती, गरज पडली तर वैमानिक बाहेर उडी मारेल असा हिशेब होता. जिथे आहे तिथे एकच फवारा, दुसरा नाही. बाटलीतलं हॅलॉन १३०१ उत्तम काम करतं, पण मॉन्ट्रियल करारामुळे विकसित देशांत त्याचं उत्पादन १९९४ पासून आणि इतरत्र २०१० पासून बंद आहे. मिळतं ते पुनर्वापराचं. बाटलीचं वजन करायचं, दाब पाहायचा, फोडणाऱ्या काडतुसाची मुदत पाहायची. इंधन बंद न करता बाटली फोडली तर गॅस काही सेकंदांत हवेबरोबर निघून जातो आणि गरम पत्र्यावर ताजं इंधन पुन्हा पेटतं. आग विझली असं वाटलं तरी इंजिन परत सुरू करायचं नाही. हा नियम बिनशर्त आहे.

कॉकपिटमधला धूर हा वेगळा प्रकार. आधी मास्क आणि १०० टक्के ऑक्सिजन, मग विचार. धूर नेमका कसला हे वासावरून बरंचसं कळतं, पण मास्क चढवण्याआधी एकच श्वास मिळतो. जळक्या रबराचा, डोळे चुरचुरवणारा वास विजेचा. निळसर, तेलकट धूर म्हणजे कंप्रेसरच्या बेअरिंगचं सील गेलं, आणि कॉकपिटची हवा तिथूनच येत असल्याने ऑइल थेट नाकात. बिनवासाचं पांढरं धुकं म्हणजे बहुतेक वेळा नुसती दमट हवा, पावसाळ्यात हमखास. विजेचा वास असेल तर जनरेटर आणि बॅटरी बंद, आणि मग एकेक करून हवं तेवढंच चालू. जुन्या फिरत्या इन्व्हर्टरचं, २८ व्होल्टच्या डीसीवरून ११५ व्होल्ट ४०० हर्ट्झ बनवणाऱ्या यंत्राचं, गरम होणं नेहमीचं आहे. उडालेला सर्किट ब्रेकर हवेत पुन्हा दाबायचा नाही. ऑक्सिजनच्या जोडांना मात्र ग्रीसचा हात लागता कामा नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की ठिणगीचीही गरज नसते.

उडी मारायची की उतरायचं हा प्रश्न हवेत सोडवायचा नसतो. अमेरिकी हवाई दलाचा जुना ठोकताळा असा : विमान ताब्यात असेल तर जमिनीपासून २,००० फुटांवर निर्णय पूर्ण, ताब्यात नसेल तर १०,००० फुटांवर. जमिनीपासून हे महत्त्वाचं. लोहगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. अल्टिमीटर समुद्रसपाटीवर लावलेला असेल तर इथे तो ठोकताळा काट्यावर ३,९०० वाचतो. हा आकडा टेकऑफच्या आधी मांडीवरच्या कागदावर लिहिलेला असावा. आणि धावपट्टीच्या दोन्ही टोकांना, धानोरी-विश्रांतवाडीकडे काय आणि वाघोलीकडे काय, आता वस्ती आहे. अशा जागेवरून एक-इंजिनी जुनं जेट उडवायची वेळ आली तर इंजिन गेल्यावर नाक कुठे न्यायचं हे नकाशावर आधी आखावं लागेल. आखता येत नसेल तर तिथून उडू नये.

खासगी विमानांतल्या अनेक इजेक्शन सीट निकामी करून ठेवलेल्या असतात, कारण काडतुसांची मुदत संपते, नवी मिळत नाहीत किंवा परवडत नाहीत. मग वैमानिकाला कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटचं पारदर्शक झाकण, फेकून हाताने बाहेर पडावं लागतं, तेही जळत्या विमानातून. आमचं मत स्पष्ट आहे. सीट जिवंत नसेल तर अशा विमानात सोबत कुणालाही बसवू नये. सीट जिवंत असली तरी तिच्या मर्यादा असतात. एल-३९ या चेक प्रशिक्षण जेटची व्हीएस-१ सीट जमिनीवरही चालते, पण ताशी किमान १५० किलोमीटर वेग असेल तरच.

मिशिगनच्या मिग-२३ चं इथे पाहा. त्या अपघाताचं मूळ आग नव्हतं. आफ्टरबर्नर (जेट पाइपमध्ये जादा इंधन जाळून ताकद वाढवणारा भाग) पेटला नाही, ताकद घटली, वैमानिकाने वेगाचं उंचीत रूपांतर केलं आणि दोष शोधू लागला. मागे बसलेल्याचं म्हणणं होतं की आता बाहेर पडायला हवं. वैमानिक अजून कारण शोधत होता तेव्हा सीट सुटल्या, दोघांच्याही. दोघे तळ्यात पडले आणि वाचले, विमान इमारतींजवळ उभ्या रिकाम्या गाड्यांवर पडलं. एका कॉकपिटमध्ये दोन माणसं आणि दोन वेगवेगळे अंदाज. म्हणून टेकऑफआधीच्या बोलण्यात हे शब्दशः ठरलेलं असावं : आदेश कोण देणार, कोणत्या शब्दाने देणार, किती वेळा उच्चारणार आणि तो ऐकू आला नाही तर कोणत्या उंचीवर मागचा माणूस आपण होऊन हँडल ओढणार. आगीत तर इंटरकॉमच आधी जातो.

जळतं विमान उतरवलं तरी काम संपत नाही. हवेत वाऱ्याने ज्वाला मागे ढकललेल्या असतात. विमान थांबलं की तोच वारा थांबतो आणि आग पुढे, कॉकपिटकडे येते. शक्य असेल तर वाऱ्याकडे तोंड करून थांबायचं, पुढच्या बाजूने उतरायचं आणि वाऱ्याच्या विरुद्ध, म्हणजे वारा जिकडून येतो त्या बाजूला, पळायचं. अग्निशामक दलाला जुन्या विमानाची माहिती आधी दिलेली असायला हवी. यांत मॅग्नेशियमच्या कास्टिंगचे भाग असतात. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाण्याची धार मारली तर ते स्फोटासारखं उडतं, त्याला कोरडी वाळू किंवा खास पावडर लागते. व्हॅम्पायरचा पुढचा भाग प्लायवूड आणि बाल्साचा आहे, हे पिवळी टोपी घातलेल्या जवानाला पाहून कळणार नाही. जिवंत सीटच्या सुरक्षा पिना कुठे खोचायच्या, कॅनॉपी बाहेरून कुठल्या हँडलने उघडते, बॅटरीचा प्लग कोणत्या झाकणाआड आहे, एवढं एका पानावर, चित्रासह, मराठीत आणि मोठ्या अक्षरात लिहून गाडीत ठेवायचं. त्या पानाची एक प्रत विमानाच्या नाकाजवळच्या झाकणाच्या आतून चिकटवायची. उड्डाण संपल्यावर प्रत्येक ड्रेनखाली पांढरा ट्रे सरकवायचा आणि १० मिनिटांनी थेंब मोजायचे. रंग पाहायचा : बिनरंगी किंवा फिकट पिवळा असेल तर इंधन, लाल असेल तर हायड्रॉलिक, काळपट तपकिरी असेल तर ऑइल. किती थेंब आणि कोणत्या नळीतून, हे तारखेसह वहीत लिहायचं.